रेघांवर तिरपा उजेड: स्ट्रायेशन ओळखायची आणि मोजायची रीत

मोबाईलचा टॉर्च लावा. ज्या पृष्ठभागावर बारीक रेघा असाव्यात अशी शंका आहे, त्यावर तो समोरून मारू नका. बाजूने, जवळजवळ आडवा धरा. पृष्ठभागाशी १० ते २० अंशांचा कोन पुरे. समोरून गुळगुळीत वाटणाऱ्या दगडावर, मोडलेल्या शाफ्टवर किंवा शेतातल्या ढेकळावर बारीक सावल्यांची रांगच्या रांग उठून दिसते. त्या सावल्या एकमेकींना समांतर असल्या, की शास्त्रीय लेखनात त्यांना स्ट्रायेशन म्हणतात. आता टॉर्च त्याच कोनात ठेवून पृष्ठभागाभोवती गोल फिरवा. उजेड रेघांना काटकोनात आला की त्या ठळक होतात, रेघांच्याच दिशेने आला की नाहीशा होतात. पुढे जे काही सांगितलं आहे, त्यातलं निम्मं काम या एका सवयीवर होतं.

शब्दाचं मूळ लॅटिन आहे. 'स्ट्रिआ' म्हणजे चर, पन्हळ. नांगर फिरलेल्या रानात तासं पडतात तसं काहीतरी. रोमन बांधकामात खांबांवर उभ्या पन्हळी कोरत, त्यांनाही हाच शब्द होता. अनेकवचन 'स्ट्राये', आणि अशा रेघा असलेली वस्तू ती 'स्ट्रायेटेड'. मराठीत या सगळ्याला एकच शब्द नाही आणि त्यामुळे फार अडतही नाही. रेघ काढलेली किंवा रंगाची असते, चरा खोल गेलेला असतो, ओरखडा घासून पडतो आणि बहुधा एकटा असतो, वळ वर उठलेला असतो. स्ट्रायेशन म्हणायला मात्र एकटा ओरखडा चालत नाही. एकाच कारणाने, एकाच दिशेत उमटलेल्या रेघांचा संच हवा. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातले 'पट्टकी स्नायू' याच कुळातले.

ऐकायला सारखे असल्यामुळे दोन शब्द यात नेहमी मिसळतात. स्ट्रॅटिफिकेशन म्हणजे थरावर थर साचणं, आणि स्ट्रीक म्हणजे खनिज पांढऱ्या, चकाकी नसलेल्या फरशीवर घासल्यावर उमटणारा त्याच्या पुडीचा रंग. प्रात्यक्षिकाच्या वहीत स्ट्रीकच्या रकान्यात 'समांतर रेघा' लिहिलेलं वारंवार दिसतं.

जीवशास्त्रातल्या नावांचं थोडं वेगळं आहे. आपल्या नदीतली मरळ म्हणजे चन्ना स्ट्रायाटा, आणि झाडाखाली कलकलाट करणाऱ्या सातभाईच्या शास्त्रीय नावातही स्ट्रायाटा आहे. तिथे तो शब्द रंगाच्या पट्ट्यांपुरता आहे. बोट फिरवलं तर काही लागत नाही, टॉर्च कितीही तिरपा धरला तरी सावली पडत नाही.

आधी तीन प्रश्न

कुठल्याही रेघा समोर आल्या की नाव द्यायची घाई करू नका. आधी हे तपासा.

रेघ आत जाते का? वस्तूचा कोपरा फोडून किंवा ढेकूळ मोडून नव्या पृष्ठभागावर तीच रेघ पुढे चालू दिसली, तर ती रचनेतून आली आहे. दिसली नाही, तर ती बाहेरून घासून पडली आहे किंवा वाढ होताना फक्त वरच्या अंगावर उमटली आहे.

रेघ सुरू कुठे होते आणि संपते कुठे? घासून पडलेल्या चऱ्याला बहुतेक वेळा एक टोक खोल आणि एक टोक विरलेलं असतं. वाढीची रेघ स्फटिकाच्या कडेपासून कडेपर्यंत सारख्या खोलीची जाते.

अंतर सारखं आहे का? अगदी समान अंतर म्हणजे तीच क्रिया पुन्हा पुन्हा घडली आहे: लेथचा फेरा, भाराचं आवर्तन, स्नायूतली मांडणी. अंतर वेडंवाकडं पण दिशा एक, असं असेल तर घर्षण.

जुन्या आडाच्या काठावरच्या दगडात दोरीने पाडलेले चरे या तीन प्रश्नांवर तपासून बघा. आत जात नाहीत, काठावर सर्वांत खोल आणि पुढे विरत गेलेले, अंतर अनियमित. घर्षण, आणि ओढ कुठल्या बाजूने होती तेही कळतं.

सामान आणि मोजणी

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, १५० मिमीची स्टीलपट्टी, कोनमापक, मऊ ब्रश, पातळ कागद आणि ४बी किंवा ६बी पेन्सिल. एवढ्यावर उघड्या डोळ्याच्या टप्प्यातलं सगळं काम होतं. पृष्ठभाग कोरडा हवा. ओल्या दगडावर पाणी चऱ्यांत भरतं आणि सावली मरते. म्हणून पावसाळ्यात खाणीत काढलेले फोटो बहुधा वाया जातात. खडबडीत पण पक्क्या पृष्ठभागावर कागद ताणून धरायचा आणि पेन्सिल आडवी धरून हलकेच घासायची, की रेघांचा ठसा मिळतो. देवळाच्या किंवा किल्ल्याच्या संरक्षित दगडावर मात्र असं काही करायचं नाही, फक्त फोटो.

एका रेघेपासून दुसरीपर्यंतचं अंतर पट्टीवर थेट वाचायला जाऊ नका, चूक मोठी होते. पहिल्या रेघेवर शून्य धरा, तिथून दहा फटी मोजा आणि आलेल्या लांबीला दहाने भागा. रेघा नव्हे, फटी मोजायच्या. दहा रेघा मोजल्या तर फटी नऊच येतात आणि उत्तर दहा टक्क्यांनी घसरतं. तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्या.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीत लेथवर काम करणाऱ्याला सराव करायला दूर जायला नको. टर्न केलेल्या (लेथवर फिरवून कापलेल्या) कुठल्याही जॉबवर फीडच्या रेघा असतात; एका फेऱ्याला टूल जितकं पुढे सरकतं ते फीड. दहा फटींना २ मिमी भरले, तर फीड ०.२ मिमी प्रति फेरा. त्यावरून पृष्ठभाग किती खरबरीत असावा याचा अंदाज निघतो. फीडचा वर्ग करा आणि त्याला टूलच्या नोज रेडियसच्या (टोकाच्या गोलाईच्या त्रिज्येच्या) ३२ पटीने भागा. नोज ०.८ मिमी असेल तर ०.०४ भागिले २५.६, म्हणजे सुमारे १.६ मायक्रॉन आरए. मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग, आरए म्हणजे खरबरीतपणाचं सरासरी माप. प्रत्यक्षात आकडा याहून वरच येतो. टूलच्या धारेवर धातू चिकटतो, टूल झिजतं, जॉब थरथरतो. मोजलेला आकडा हिशोबाच्या दुप्पट आला तर फीड कमी करून उपयोग नाही, आधी इन्सर्टची (टूलच्या बदलता येणाऱ्या टोकाची) धार भिंगाखाली बघा.

फीडच्या रेघा जॉबभोवती गोल जातात. त्यांना आडव्या, जॉबच्या लांबीच्या दिशेने कललेल्या रेघा दिसल्या तर त्या चॅटरच्या, म्हणजे कापताना झालेल्या थरथरीच्या. त्यांचं अंतर म्हणजे कटिंग स्पीड भागिले थरथरण्याची वारंवारता. १०० मीटर प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला सुमारे १,६६७ मिमी. रेघा ३.३ मिमीवर असतील तर थरथर सेकंदाला पाचशेच्या आसपास. आता स्पीड बदलून पुन्हा मोजा. अंतर बदललं पण वारंवारता तीच निघाली, तर दोष जॉब, टूल किंवा होल्डरच्या कडकपणात आहे. टूल कमी बाहेर काढा, लांब जॉबला टेलस्टॉकचा (लेथच्या दुसऱ्या टोकाचा) आधार द्या. वारंवारता स्पिंडलच्या फेऱ्यांबरोबर चढत-उतरत असेल तर बेअरिंग किंवा गिअरकडे बघा.

मोडलेला शाफ्ट

कोल्हापुरात स्ट्रायेशन या शब्दाची सर्वांत जास्त गरज पडते ती इथे, आणि सर्वांत जास्त गोंधळही इथेच होतो.

गुऱ्हाळातल्या चरकाचा ५० मिमीचा शाफ्ट मोडला आहे असं धरा. मोडीचा पृष्ठभाग तिरप्या उजेडात धरला तर बहुधा तीन भाग दिसतात. की-वेच्या (चावी बसवायच्या खाचेच्या) तळातल्या कोपऱ्याशी एक लहान, गुळगुळीत, चकचकीत जागा. तिच्यापासून पसरत गेलेल्या, रंकाळा तलावाच्या काठाशी लाटा येतात तशा वळणदार समांतर खुणा. आणि उरलेला भाग खरबरीत, दाणेदार. चीर की-वेच्या कोपऱ्यात जन्मली, वळणावळणाने पुढे सरकली आणि उरलेल्या धातूला भार पेलेना तेव्हा शाफ्ट एका झटक्यात तुटला.

डोळ्यांना दिसणाऱ्या त्या वळणदार खुणा म्हणजे स्ट्रायेशन नव्हे. त्यांना बीच मार्क म्हणतात. भार बदलला, चरक थांबला, हंगाम संपून गुऱ्हाळ बंद राहिलं आणि चिरेच्या टोकाशी गंज धरला, की असा एक पट्टा पडतो. खरं स्ट्रायेशन त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये असतं, हजारोंनी. भार एकदा चढून उतरला की एक आवर्तन; चीर अशा प्रत्येक आवर्तनाला जितकी पुढे सरकली तेवढं दोन रेघांमधलं अंतर, साधारण ०.१ मायक्रॉनपासून काही मायक्रॉनपर्यंत. ते दहापट भिंगात दिसत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, १,००० ते १०,००० पट मोठं करून. 'मला डोळ्यांनी स्ट्रायेशन दिसलं' असं तपासणी अहवालात कुणी लिहिलं असेल, तर पुढचा अहवाल जरा जपून वाचावा.

डोळ्यांनीही बरंच कळतं. शेवटचा खरबरीत भाग लहान असेल तर शाफ्टवर भार माफक होता आणि चीर पुष्कळ दिवस चालत होती. तोच भाग अर्ध्याहून मोठा असेल तर भारच जास्त होता. काठावर एकाहून अधिक ठिकाणांहून चिरा निघाल्या असतील तर त्यांच्या मध्ये बारीक पायऱ्या दिसतात. याचा अर्थ त्या जागी ताण सगळीकडूनच जास्त आहे, बहुधा खांद्याची (शाफ्टचा व्यास बदलतो त्या कोपऱ्याची) त्रिज्या फार धारदार ठेवली आहे. फिरत्या शाफ्टमध्ये बीच मार्क एका बाजूला कललेले दिसतात, कारण चीर फिरण्याच्या उलट अंगाला जास्त वेगाने सरकते.

मोड तपासायला पाठवायची असेल तर पहिल्या तासाभरात काय करायचं नाही हे नीट लक्षात ठेवा. दोन तुकडे 'बसतात का' म्हणून एकमेकांवर ठेवायचे नाहीत. मायक्रॉनच्या रेघा एका दाबात सपाट होतात आणि मग जगातला कुठलाही सूक्ष्मदर्शक त्या परत आणू शकत नाही. वायरब्रश नाही, पॉलिश पेपर नाही, बोटांनी चोळणं नाही. गॅसकटरने मोडीजवळ कापायचं नाही, उष्णतेने पृष्ठभाग काळवंडतो.

करायचं ते असं. पट्टी शेजारी ठेवून दोन्ही तोंडांचे फोटो, आधी सरळ उजेडात, मग चार बाजूंनी तिरप्या उजेडात. तेल-ग्रीस असेल तर ॲसिटोन ओतून धुवा आणि मऊ ब्रश हलकेच फिरवा. ॲसिटोन ज्वालाग्राही आहे, वेल्डिंगच्या शेडमध्ये हे काम नको. गरम हवेने सुकवा. चिकटलेला गंज असेल तर तो स्वतः काढायला जाऊ नका, प्रयोगशाळेवर सोडा. बँडसॉने मोडीपासून निदान २५ मिमी लांब कापा आणि कूलंट मोडीवर जाणार नाही अशी आड करा. तुकडा सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात. पावसाळ्यात उघडा ठेवलेला पोलादी तुकडा रात्रीत तांबूस होतो. शाफ्ट मोठा असेल आणि कापता येत नसेल तर रेप्लिका टेप वापरतात. सेल्युलोज ॲसिटेटची पातळ फीत ॲसिटोनने मऊ करून पृष्ठभागावर दाबायची, सुकली की ओढून काढायची. पहिली फीत धुळीने भरलेली येते. तीही टाकू नका, धूळ कसली हे तिच्यावरून कळतं. तपासायला दुसरी किंवा तिसरी पाठवा.

अंतर कळलं की हिशोब सोपा. रेघा ०.५ मायक्रॉनवर असतील तर १ मिमी चीर वाढायला २,००० आवर्तनं. शाफ्ट मिनिटाला २० फेरे घेत असेल आणि प्रत्येक फेऱ्याला एक आवर्तन, तर १०० मिनिटं. पण हा हिशोब चीर मध्यम वेगाने वाढत असते त्या पट्ट्यापुरताच धरावा. अगदी हळू वाढणाऱ्या भागात एका रेघेमागे अनेक आवर्तनं असतात, आणि चीर जन्मायला लागलेला काळ तर या हिशोबात येतच नाही.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या फौंड्र्यांसाठी आणखी एक. ग्रे आयर्नच्या (साध्या बिडाच्या) मोडीवर स्ट्रायेशन शोधत बसू नका. ग्रॅफाइटचे पापुद्रे चिरेला इतके फाटे फोडतात की नीट रेघ उमटतच नाही. एसजी आयर्नमध्ये (ज्या बिडात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं त्यात) फेराइटच्या, म्हणजे मऊ लोखंडाच्या जागी ती क्वचित सापडते. म्हणून कास्टिंगच्या मोडीवर रेघा नाहीत याचा अर्थ 'थकव्याने (पुन्हा पुन्हा भार येऊन) मोडलं नाही' असा काढता येत नाही.

दगड आणि खनिजं

कोल्हापूरचा दगड बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यातल्या पोकळ्यांत क्वार्ट्झ, कॅल्साइट आणि झिओलाइट गटातली खनिजं वाढतात. स्फटिक हातात आला की रेघांची दिशा बघा, नाव निम्मं तिथेच ठरतं. क्वार्ट्झच्या षटकोनी खांबावर रेघा आडव्या, म्हणजे लांबीला काटकोनात. ॲपोफिलाइटच्या उभ्या अंगांवर त्या उभ्या. टुर्मलीन आपल्या दगडात नाही, पण बाजारातून आणलेल्या नमुन्यावर त्याही उभ्याच, आणि ठसठशीत. पायराइटचा घन असेल तर शेजारशेजारच्या दोन अंगांवरच्या रेघा एकमेकींना काटकोनात. पिवळी चमक बघून सोनं म्हणणाऱ्याला हे एक अंग दाखवलं तरी पुरतं.

प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारच्या (बेसाल्टमधल्या एका मुख्य खनिजाच्या) रेघा वेगळ्या जातीच्या. त्या वरवरच्या नाहीत. स्फटिक पत्त्यांच्या जोडासारख्या जुळ्या पापुद्र्यांनी बनलेला असतो आणि फुटीच्या सपाट अंगावर त्या पापुद्र्यांच्या कडा दिसतात. नमुना हातात हळूहळू कलता करा. सगळं अंग एकदम चमकेल त्या क्षणी थांबा आणि भिंग लावा, केसाएवढ्या सरळ रेघा दिसतील. वेडीवाकडी, नागमोडी शिरं दिसली तर तो बहुधा पोटॅश फेल्डस्पार. आपल्या नेहमीच्या बेसाल्टमध्ये हे दाणे इतके बारीक असतात की भिंग पुरत नाही. ०.०३ मिमी जाडीची चकती घासून ध्रुवित प्रकाशात बघावी लागते, तेव्हा काळे-पांढरे पट्टे दिसतात.

पन्हाळा तालुक्यात बांदिवड्याला किंवा मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला बेसाल्टचे खांब आहेत. अशा खांबांच्या अंगावर पुष्कळदा आडवे पट्टे असतात, प्रत्येक पट्ट्यात एक गुळगुळीत आणि एक खरबरीत भाग. त्यांनाही स्ट्राये म्हणतात. लाव्हा निवत असताना चीर थांबत-थांबत आत सरकली, तिचा एकेक टप्पा म्हणजे एकेक पट्टा. शाफ्टमधली तीच गोष्ट, फक्त मायक्रॉनच्या जागी सेंटिमीटर. मोजायचं तर एका खांबावर दहा पट्टे आणि त्याच खांबाच्या बाजूची रुंदी, दोन्ही मोजा. लवकर निवालेल्या भागात खांब बारीक आणि पट्टेही अरुंद असतात.

खडकातल्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर घासल्या की पृष्ठभाग चकचकीत होतो आणि त्यावर समांतर चरे पडतात, ते स्लिकनसाइड. दिशा मोजायची रीत: भेगेच्या पृष्ठभागावर आडवी रेघ खडूने मारा, मोबाईलमधल्या पाणसळ ॲपने ती खरोखर आडवी आहे हे तपासा. कोनमापक पृष्ठभागाला चिकटवून आडव्या रेघेपासून चऱ्यांपर्यंतचा कोन वाचा. तो शून्याजवळ असेल तर बाजू आडव्या सरकल्या, ९० जवळ असेल तर वर-खाली. चऱ्यांच्या दिशेने हात दोन्हीकडे फिरवून बघा. ज्या दिशेने हात गुळगुळीत जातो त्या दिशेने समोरची, आता नसलेली बाजू सरकली, असा जुना नियम आहे. तो दर वेळी खरा ठरत नाही, दुसरा पुरावा असल्याशिवाय नकाशावर बाण काढू नका.

हिमनदीचे चरे कोल्हापुरात मिळणार नाहीत. हा दगड कधी हिमनदीखाली गेलाच नाही. जेसीबीच्या दातांच्या किंवा ओढलेल्या धोंड्याच्या रेघा दाखवून कुणी तसं सांगू लागलं तर ऐकून सोडून द्यावं. महाराष्ट्रात असे चरे बघायचे तर चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ. तिथे तालचिर नावाच्या जुन्या गाळाच्या थरांखालच्या चुनखडीवर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या बर्फाने ओढलेल्या रेघा आहेत. त्यांच्यावरून बर्फ कुठल्या रेषेत सरकला ते कळतं, त्या रेषेवर इकडून तिकडे की तिकडून इकडे हे ठरवायला दुसऱ्या खुणा लागतात.

काळ्या रानातले चरे

स्लिकनसाइड बघायला डोंगरही चढायला नको. शिरोळ-हातकणंगल्याकडच्या भारी काळ्या जमिनीत ते पायाखाली आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. वरची माती भेगांत पडते, पुन्हा ओल आली की आतली माती फुगायला जागा शोधते आणि ढेकळं एकमेकांवर तिरपी सरकतात. त्या सरकण्याने ढेकळांच्या अंगावर मेण लावल्यासारखी चकाकी येते आणि समांतर चरे उमटतात.

खड्डा घ्या १ मीटर बाय १ मीटर, खोली १ मीटर. याहून खोल एकट्याने उतरू नका, काळ्या मातीची भिंत अचानक ढासळते. वेळ उन्हाळ्याच्या सुरुवातीची, माती घट्ट पण पार दगड झालेली नको. बघायचं ४० ते ९० सेंटिमीटरच्या दरम्यान.

हमखास चूक इथे होते. फावड्याचं पातं ओलसर काळ्या मातीवरून गेलं की तेही चकचकीत अंग आणि समांतर रेघा ठेवून जातं, अगदी हुबेहूब. म्हणून फावड्याने कापलेल्या भिंतीवर कधीच निर्णय घेऊ नका. खुरप्याच्या टोकाने ढेकूळ भिंतीतून उचकटून काढा, कापून नव्हे, आणि हाताने मोडा. खरं स्लिकनसाइड ढेकळाच्या आत, त्याच्या स्वतःच्या सांध्यावर निघतं, आडव्या पातळीशी १० ते ६० अंश कललेलं असतं, आणि अशा दोन-तीन पातळ्या एकमेकींना छेदून पाचरीसारखी ढेकळं बनतात. फावड्याच्या रेघा सगळ्या वरून खाली, एकाच वाकणाच्या. कोन मोजताना वही ढेकळाच्या मूळ जागी त्या पातळीला टेकवा आणि मोबाईलमधलं कोन दाखवणारं ॲप वहीवर ठेवा.

चरे सापडले तर त्या जागी घराचा पाया किंवा टाकी नेहमीच्या खोलीवर बसवू नका, अभियंत्याकडून माती तपासून घ्या. माती वर्षाला दोनदा जागा बदलते आणि भिंतीला तिरके तडे जातात. पाइपलाइनचे सांधेही याच हालचालीने निसटतात.

स्नायूतले पट्टे

बारावीच्या किंवा बीएस्सीच्या प्रात्यक्षिकाला तयार काचपट्टी मिळते, पण स्वतः केलेली जास्त शिकवते. मटण तांबड्या रश्शात पडायच्या आधी त्यातला लाल, चरबी नसलेला, दोऱ्या दिसणारा तुकडा घ्या. लांबी १ सेंमी, जाडी २ मिमी, दोऱ्यांच्या दिशेने कापलेला. आडवा कापला तर तंतूंची गोल तोंडं दिसतात, पट्टे नाहीत. १०० मिली पाण्यात ०.९ ग्रॅम मीठ घालून केलेल्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर, त्यात तुकडा ठेवून दोन सुयांनी तंतू सोडवत जा. पाच मिनिटं तरी. घाई केली तर जाड गोळा राहतो आणि वरची काच बसत नाही. केसाहून बारीक तंतू सुटले की उरलेलं मांस काढून टाका. ०.५ टक्क्याच्या मिथिलीन ब्लूचा थेंब, दीड मिनिट, मग मिठाच्या पाण्याने धुवा आणि काच तिरपी ठेवत बसवा म्हणजे बुडबुडे राहत नाहीत.

आधी १०० पट, मग ४०० पट. पट्टे दिसत नाहीत म्हणून रंग वाढवू नका, गडद निळ्यात सगळंच बुडतं. कंडेन्सर म्हणजे काचपट्टीखालचं उजेड गोळा करणारं भिंग; त्याच्या खालचा आयरिस, म्हणजे उजेडाचं भोक लहान-मोठं करणारा पडदा, अर्धा मिटा. उजेड कमी आणि अरुंद झाला की गडद-फिकट पट्टे उठून येतात. तेवढ्यानेही आले नाहीत तर कंडेन्सरखाली कागदाचा तुकडा सरकवून अर्धा उजेड अडवा. हा तिरपा टॉर्चच, फक्त काचेखालून. पट्ट्यांची एक जोडी म्हणजे एक सार्कोमिअर, साधारण २ ते २.५ मायक्रॉन, म्हणजे दहा फटींना २० ते २५ मायक्रॉन भरले पाहिजेत. फार कमी आलं तर मांस आकसलेलं आहे, किंवा आयपीसची (डोळ्याकडच्या भिंगाची) मोजपट्टी त्याच लेन्सवर जुळवून घेतलेली नाही. हृदयाच्या स्नायूतही पट्टे असतात, पण तंतूंना फाटे फुटतात आणि मध्येमध्ये जाड आडव्या चकत्या दिसतात. आतड्याच्या स्नायूत पट्टे नसतात, म्हणून तो अपट्टकी.

बंदुकीच्या गोळीवरच्या चऱ्यांची तुलना हे न्यायवैद्यक प्रयोगशाळेचं काम, पण तत्त्व तेच. नळीतल्या खाचांची संख्या आणि पीळ बंदुकीची जात सांगतात, त्यांच्यावरचे सूक्ष्म चरे ती विशिष्ट नळी. दोन गोळ्या एकाच सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवतात आणि दोन्हींवर उजेड एकाच कोनातून पाडतात. कोन वेगळा झाला, तर जुळणारे चरेही न जुळल्यासारखे दिसू शकतात. पान्याचे, छिन्नीचे ठसे तपासतानाही तसंच. ठसा पाडून बघायचा तर शिशाच्या पत्र्यावर, म्हणजे मूळ हत्याराची धार बिघडत नाही.

त्वचेवरच्या ताणाच्या रेघांनाही डॉक्टर स्ट्राये म्हणतात. त्या ताणाच्या दिशेला काटकोनात पडतात, आधी लालसर, पुढे पांढुरक्या. बाळंतपणात किंवा वजन वाढताना त्या नेहमीच्याच. मात्र रुंद, जांभळ्या रेघा कारण नसताना उठल्या, वजन पोटावर वाढलं आणि दंडात ताकद राहिली नाही, तर मलमं बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

नोंद

फोटोत चार गोष्टी असल्याशिवाय तो फोटो दुसऱ्याच्या उपयोगाचा नाही: मोजपट्टी, वरची बाजू किंवा उत्तर दिशा दाखवणारा बाण, उजेड कुठून आला त्याचा दुसरा बाण, आणि नमुन्याचा क्रमांक. उजेडाचा बाण बहुतेक जण विसरतात. तो नसेल तर चरा खोल आहे की वर उठलेला आहे हे फोटोवरून ठरवता येत नाही. सावली डावीकडे पडली तर खड्डा, उजवीकडे पडली तर उंचवटा, असा डोळा स्वतःच ठरवून मोकळा होतो आणि निम्म्या वेळा चुकतो. शंका असेल तर उजेडाची बाजू बदलून दुसरा फोटो काढा आणि दोन्ही एकाच क्रमांकाखाली ठेवा.